एकाहत्तर अंशांवर धुतलेली फुंकणी

शिट्टीला एका जागी बसलेलं कुणी फारसं पाहिलं नव्हतं. चहासुद्धा ती उभ्यानंच प्यायची, एक हात ओट्यावर, दुसऱ्या हातात कप, आणि नजर घड्याळावर. सासूबाई म्हणायच्या, "अगं, खुर्चीला खिळे ठोकलेत का मी?" ती हसायची आणि तेवढ्यात वाळत घातलेले टॉवेल उलटे करून यायची.

नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी ती खेळून दारात आली की तिच्याआधी तिच्या छातीतली सूं-सूं घरात शिरायची. "शिट्टी झाली, आता गाडी येईल," म्हणत वडील कडी काढायचे. दमा राहिला, नाव राहिलं. लग्न झालं, नोकरी लागली, तरी खरं नाव फक्त पगारपत्रकावर.

नोकरी मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात. तळघरात एकीकडे मळक्या चादरींच्या गोण्या, मध्ये भिंतभर यंत्रं, पलीकडे स्वच्छ बाजू आणि इस्त्रीची टेबलं. शिट्टी यंत्रांवर होती. कपडे भरायचे, साबणाचं पाणी सोडायचं, वाळवणीच्या यंत्रांच्या जाळ्यांतून धुळीचा करडा कापूस ओरबाडून काढायचा. तो कापूस हातात मऊ लागायचा आणि छातीत काट्यासारखा. जाळी साफ करताना ती श्वास धरून ठेवायची. बारा वर्षांत तिला श्वास धरून बरीच कामं करता यायला लागली होती.

आणखी एक काम तिच्याकडे होतं, नोंदवही. चादरी-गाऊन किमान सत्तर अंश तापलेल्या पाण्यात धुतले गेले पाहिजेत, नाहीतर जंतू मरत नाहीत. म्हणून प्रत्येक फेरीला यंत्राच्या काचेतला काटा बघायचा आणि आकडा लिहायचा, असा नियम. प्रत्यक्षात वही चहाच्या वेळी एकदम भरली जायची. सगळेच तसं करत, मुकादमालाही ते ठाऊक होतं. पण शिट्टीच्या हाताची सर कुणाला नव्हती. "सगळीकडे एकाहत्तर लिहितो तो गाढव," ती नव्या मुलींना शिकवायची. "मध्ये एखादा बहात्तर, एखादा सत्तर. पेन बदलायचं. आणि दिवसातून एकदा चुकीचा आकडा लिहून खोडायचा. खाडाखोड दिसली की वही खरी वाटते."

तपासणीला येणारे साहेब तिच्या वहीवर सही करताना नेहमी म्हणत, "या बाई मात्र मनापासून लिहितात."

ही हातोटी पुढे आपल्याच पोटावर उलटेल, असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं.

गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिला दम्याचे दोन पंप दिले. तपकिरी रोजचा, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, बरं वाटत असलं तरी. निळा फक्त दम लागला तर. शिवाय श्वासाचा जोर मोजायला एक प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर आकड्यांची पट्टी आणि सरकणारा काटा. तीनदा जोरात फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा तक्त्यात लिहायचा. त्या नळीचं इंग्रजी नाव सासूबाईंना एकदाच ऐकायला मिळालं. त्यांनी लगेच तिला फुंकणी म्हणून टाकलं. घरातही तेच रूढ झालं. "फुंकलंस का गं?" "फुंकलं आई."

तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवलेला. नवऱ्याने स्वतः पट्टीने रेघा मारून दिलेल्या. हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, कुठलंही यंत्र आकड्यांत दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. रोज कामाला निघताना तो तक्त्यासमोर उभा राहायचा. "तीनशे सत्तर. तीनशे ऐंशी. वा! अगं, नवी लिफ्टसुद्धा इतकी सरळ जात नाही." मग बूट घालून शीळ घालत खाली उतरायचा.

पहिले पंधरा दिवस तक्ता खरा होता.

त्यानंतर एका सकाळी तिने तपकिरी पंपाच्या खोक्यातला कागद उघडला. बारीक अक्षरांत लांबलचक मजकूर, त्यातला एकच शब्द तिच्या डोळ्यांत घुसला. स्टेरॉईड. गेल्या वर्षी, याच दिवसांत, तिला दम्याचा मोठा झटका आला होता. पाच दिवस त्याच जातीच्या गोळ्या घेतल्या, पंप घेतला, बरी झाली. आणि त्यानंतर अकराव्या दिवशी, अडीच महिन्यांचं जे काही पोटात होतं ते गेलं. कुणीही तिला म्हणालं नव्हतं की औषधानं गेलं. कुणीही तिला म्हणालं नव्हतं की औषधानं नाही गेलं. तिनंही विचारलं नव्हतं. नवऱ्याला वाटलं ती विसरली. ती रोज बोटांवर मोजत होती, गोळ्यांपासून अकरावा दिवस.

तिने कागदाची घडी घातली आणि तपकिरी पंप बंद केला.

बंद केला म्हणजे काय, तर न्हाणीघरात जाऊन आरशावर मारायला लागली. पंपाच्या मागे उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो, तो रोज चारने उतरला पाहिजे ना! बाहेर सासूबाईंना फुस्-फुस् ऐकू यायचं. आत आरशावर धुकं बसायचं, तिचा चेहरा पुसट व्हायचा, मग ती तळव्याने आरसा पुसून बाहेर यायची.

निळा पंप मात्र चालू होता. तिचा हिशेब असा की निळा नुसता घशातून जातो-येतो, तपकिरी अंगात मुरतो. हा हिशेब तिनं कुणाला दाखवला नाही, त्यामुळे तो चुकलाय हे कळायला वाव नव्हता. आधी निळा दिवसातून दोनदा लागायचा, मग चारदा. पाचवा महिना संपेपर्यंत त्याची गणती सुटली. जिन्यात मधल्या वळणावर ती चपलेचा पट्टा नीट करायला थांबायची. त्या चपलांना पट्टाच नव्हता. अंथरुणात तीन उशा रचून बसायची आणि म्हणायची, पाठ दुखते.

फुंकणीचा काटा खाली येऊ लागला, तीनशे दहा, दोनशे नव्वद. असा आकडा तक्त्यावर लिहिला तर तपकिरी पंपाची चौकशी होणार. म्हणून एक दिवस तिने तीनशे सत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी तीनशे ऐंशी. हात सरावलेलाच होता. अधेमधे तीनशे पन्नास, एकदा खाडाखोड. पेन बदलत होतीच. हळूहळू फुंकायचंही राहून गेलं, आठवड्याचा तक्ता एका बैठकीत भरायला लागली. एका बैठकीत म्हणजे उभ्यानंच.

महिन्यातून एकदा तपासणीला जाताना मात्र ती आधी दवाखान्याच्या स्वच्छतागृहात शिरायची, निळ्याचे चार फवारे ओढायची आणि मगच सिस्टरसमोर फुंकायची. एका तक्त्यासाठी एवढा खटाटोप करणारी बाई सिस्टरने आधी पाहिली नसावी, कारण ती दर वेळी म्हणायची, "तुमच्यासारखे पेशंट मिळाले तर काय हवं!"

सहाव्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, इस्त्रीमावशी घरी आली.

इस्त्रीमावशी म्हणजे धुलाईघराच्या स्वच्छ बाजूची राणी. तीस वर्षं गरम टेबलाशी उभी राहून तिचा आवाज यंत्रांच्या वर चढलेला, तो घरातही खाली यायचा नाही. नवरा कुठल्याशा इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता. सासूबाई कपाटाशेजारच्या खुर्चीत भाजी निवडत बसल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. भाजीही त्या वर्गात शिस्त लावल्यासारखी निवडत, देठ एकीकडे, पानं एकीकडे.

"शिट्टे, तुझी गंमत आणलीय!" मावशीने पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली.

फुंकणी होती. एका बाजूने केळ्यासारखी वाकलेली, पट्टीवरचे आकडे फिकटलेले, काटा एका जागी घट्ट रुतलेला.

"तुझ्या एप्रनच्या खिशात राहिली होती बाई! बुधवारच्या धुण्यात गेली सगळी. ड्रममधून खडखड आवाज येतोय, मला वाटलं कुणाची कवळी! परवाच देणार होते, पण दोन दिवस रजेवर होते ना. आता फुंकून बघ, एकाहत्तर अंशांवर धुतलीय, एक जंतू सापडला तर नाव बदलीन." मावशी आपल्याच विनोदावर मनसोक्त हसली.

शिट्टी ओट्याशी चहा ओतत होती. ओतणं थांबलं नाही, पण कप भरून बशी भरली.

सासूबाईंनी फुंकणी हातात घेतली. उलटसुलट पाहिली. "बुधवारी का?"

"बुधवारी. मीच काढली ना ड्रममधनं."

सासूबाईंनी मान वर केली. कपाट त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. गुरुवार सकाळ, तीनशे सत्तर. गुरुवार संध्याकाळ, तीनशे ऐंशी. शुक्रवार. शनिवार, तिथे एक नीटस खाडाखोड. त्यांची नजर ओळीवरून हळूहळू सरकली, वही तपासताना सरकायची तशी. मग त्या म्हणाल्या, "बसा ना मावशी. बिस्किटं देते." आणि मावशी जाईपर्यंत त्यांनी लिफ्ट, इस्त्री आणि गुडघेदुखी यांवर अर्धा तास गप्पा मारल्या.

दार लागलं.

"संध्याकाळचा आकडाही आलाय वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "आज रविवार. दुपारचे दोन वाजलेत."

शिट्टीने तक्त्याकडे पाहिलं. रविवार संध्याकाळ, तीनशे पंचाहत्तर. सकाळी घाईत पुढचा रकानाही भरून टाकला होता. नव्या मुलींना ती बजावायची, कितीही घाई असली तरी पुढचा रकाना भरायचा नाही.

"आई, ते आपलं..."

"मला औषधातलं कळत नाही. उत्तरपत्रिकेतलं कळतं. किती दिवस?"

शिट्टी खोलीत फिरायला लागली. खिडकी उघडली, लावली. टॉवेल उचलला, तिथेच ठेवला. बोलायला लागली तर शब्द तीन-तीनच निघत होते, मध्ये श्वास घ्यावा लागत होता. आणि त्या तुटक शब्दांतून सगळं बाहेर आलं. आरसा, स्वच्छतागृह, कागदावरचा तो शब्द, अकरावा दिवस.

अकराव्या दिवसाशी आल्यावर सासूबाईंच्या हातातली जुडी सुटून देठ आणि पानं एक झाली.

"मागच्या वेळी हे तू कुणाला विचारलंस?"

"कुणाला विचारू? आणि हो म्हणाले असते तर? तुमच्या मुलाला काय तोंड दाखवलं असतं?"

"म्हणून आता न विचारता पेपर सोडवतेस."

"मला हे गमावायचं नाही आई." ती पोटावर हात ठेवून म्हणाली, आणि वाक्य संपता संपता छातीतली शिट्टी इतक्या मोठ्यांदा वाजली की सासूबाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"बस," सासूबाई म्हणाल्या.

"बसलं की जास्त..."

"बस म्हणते ना!"

ती बसली. निळा पंप घेतला. सासूबाईंनी तिची पाठ चोळली नाही की डोळे पुसले नाहीत, नुसत्या शेजारी बसून घड्याळ बघत राहिल्या. दम जरा खाली बसल्यावर म्हणाल्या, "कमी होत नसेल तर आत्ताच निघू. होतोय? बरं. उद्या सकाळी दहाची तुझी तपासणी आहे. मी येते. बाहेर बसेन. चुगली करणारी पोरं मला कधी आवडली नाहीत, त्यामुळे मी काही सांगणार नाही. सांगायचं ते तू. पण दुपारपर्यंत सांगितलं नाहीस, तर आवडो न आवडो, मी आत येईन."

त्या रात्री तीन उशांच्या चार झाल्या. नवऱ्याने विचारलं तर सासूबाई आतून ओरडल्या, "पाठ दुखते तिची! झोप तू!"

सोमवारी दवाखान्याची लिफ्ट बंद होती. "तुझ्या नवऱ्याचीच कृपा असेल," सासूबाई म्हणाल्या. दोन मजले चढायला वीस मिनिटं लागली. वर पोचल्यावर शिट्टीचे पाय सवयीने स्वच्छतागृहाकडे वळले. चार फवारे. बाहेर येऊन ती सिस्टरसमोर उभी राहिली आणि नव्या फुंकणीत फुंकलं. तीनशे तीस.

"जरा कमी आहे, पण जिना चढून आलात ना," सिस्टर म्हणाली. "तक्ता? वा, अगदी नीटनेटका."

डॉक्टरीणबाईंनी तक्ता पाहिला, पोट पाहिलं, वजन पाहिलं. त्यांच्या तोंडावर समाधान होतं. पेन उचललं, पुढची तारीख लिहायला घेतली. आणखी अर्ध्या मिनिटात शिट्टी दाराबाहेर असती, आणि एक महिना पुन्हा तिचा असता. ती खुर्चीतून उठलीसुद्धा. दाराच्या फटीतून बाहेरच्या बाकावर सासूबाईंची पिशवी आणि गुडघे दिसत होते. बाकी काही नाही.

"बाई," ती म्हणाली, "तो आकडा निळ्याचा आहे. आत्ता, तिकडे घेऊन आले. आणि तक्ता मी बसून लिहिलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे उभ्यानं. पण मनानं लिहिलाय."

मग तिने सगळं सांगितलं, आणि सांगताना एकदाही येरझारा घातल्या नाहीत, कारण घालण्याइतका श्वास नव्हता.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट झालं, त्यांनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वेळचं मूल का गेलं, ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या लवकर जातं तेव्हा बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. पण त्या पंपामुळे मूल जातं असं आम्हाला दिसलेलं नाही. दमा मोकळा सोडला तर काय होतं, ते मात्र दिसतं. तुम्हाला हवा कमी, तर त्याला हवा कमी. मूल लहान भरतं, वेळेआधी येतं. तुम्ही त्याला औषधापासून वाचवताय आणि त्याच्या वाट्याची हवा तोडताय."

 सिस्टरने शिट्टीच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला, पोटावर जेल लावून यंत्र फिरवलं. खोलीभर धडधड ऐकू आली, भराभर, धावत असल्यासारखी. "ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज तरी ठीक आहे. पण घरी पाठवत नाही तुम्हाला. इथेच बसा, सिस्टरच्या नजरेसमोर. निळ्याचा जोर उतरला की पुन्हा फुंका. मला तुमचा खरा आकडा हवाय. मध्ये जड वाटलं तर लगेच सांगा."

बसा. एवढंच काम दिलं होतं, आणि शिट्टीला आयुष्यात इतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं. सासूबाई आत येऊन शेजारी बसल्या. पहिल्या तासात शिट्टीने भिंतीवरच्या सगळ्या पाट्या वाचल्या. दुसऱ्या तासात सिस्टरची कापसाच्या बोळ्यांची बरणी सारखी करून ठेवली, तर सिस्टरने ती तिच्या हातातून काढून घेतली. तिसऱ्या तासात छाती हळूहळू आवळायला लागली. रोज हा क्षण आला की हात आपोआप खिशात जायचा. आता खिशावर सासूबाईंचा हात होता. निळा पंप त्यांच्या पिशवीत गेला होता.

"किती वाजले?"

"आत्ताच विचारलंस."

"आई, बोला ना काहीतरी."

"काय बोलू? तुझ्यासारखी एक मुलगी होती माझ्या वर्गात. एका जागी बसायची नाही. तिला फळा पुसायचं काम दिलं, तर खडूच्या धुळीनं खोकत बसली."

"मग?"

"मग काय? खिडकीजवळ बसवली." सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "हे धुलाईघरात सांगायचं राहिलंय कुणीतरी."

तिसरा तास संपायच्या आत शिट्टीने हात वर केला. सिस्टरने फुंकणी पुढे केली. एकशे नव्वद, दोनशे दहा, दोनशे वीस. तिचा चांगल्या दिवसांतला आकडा चारशे.

लगेच औषधाच्या वाफेचा मुखवटा चढला. अर्ध्या तासाने छाती मोकळी व्हायला लागली, तेव्हा सिस्टरने कागदाच्या पुडीत गोळ्या आणून ठेवल्या. पाच दिवसांच्या. शिट्टीने पुडी उघडली आणि मिटली. त्याच गोळ्या. तशाच पांढऱ्या, मध्ये रेघ असलेल्या.

"याच होत्या," ती म्हणाली.

सिस्टरने पाण्याचा ग्लास पुढे धरला. "हो. आणि त्यांनी तेव्हा तुम्हाला वाचवलं होतं."

सासूबाई खिडकीपाशी उठून गेल्या आणि बाहेरच्या पार्किंगमध्ये काही विशेष चाललंय असं बघत राहिल्या. खूप वेळ बघत राहिल्या. शिट्टीने गोळी जिभेवर ठेवली. पोटातल्याने तेवढ्यात कूस बदलली की तिच्याच हृदयाचा ठोका चुकला, हे तिला कळलं नाही. ती पाणी प्यायली. मग पूर्ण ग्लास रिकामा केला.

नवऱ्याला त्या संध्याकाळी तिनेच सांगितलं. तो कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला. तक्ता काढून टाकावा की ठेवावा ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने नवा कागद घेऊन शेजारी पुन्हा रेघा मारल्या आणि म्हणाला, "या वेळी पेन दोऱ्यानं बांधून ठेवतो. एकच पेन." 

आठवडाभराने ती कामावर गेली ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच. मुकादमाने चिठ्ठी वाचून नाक मुरडलं, पण जाळ्यांचं काम काढून तिला इस्त्रीमावशीच्या टेबलाशी घड्या घालायला पाठवलं. तिथे स्टूल होतं. मावशीने ते पायाने पुढे ढकललं. नोंदवही दुसऱ्या मुलीकडे गेली. ती मुलगी चहाच्या वेळी पेन बदलत, भराभर आकडे लिहीत होती. शिट्टी स्टुलावरून उठली, यंत्रांकडे न जाता लांबूनच ओरडली, "ए, काचेत बघ गं आधी!"

"बघायचं काय? एकाहत्तर असणार."

"बघ तरी."

मुलगी कंटाळत गेली. परत आली ती गोंधळलेली. "चौसष्ट आहे."

मुकादम धावला, कुणाला तरी फोन लावला, आणि जाता जाता शिट्टीकडे असा पाहून गेला की घड्या घालणंही आता किती दिवस टिकेल, देव जाणे. इस्त्रीमावशी म्हणाली, "तुला काय गरज होती गं?"  बारा वर्षांत किती चादरी चौसष्टवर धुतल्या, हे शिट्टी दिवसभर मोजत राहिली.

नव्या तक्त्यावरचे आकडे सरळ रेघेत जात नाहीत. दोनशे साठ, दोनशे ऐंशी, तीनशे दहा, तीनशे चाळीस. तपकिरी पंप न्हाणीघराबाहेर, सासूबाईंसमोर घ्यायचा ठराव झालाय. काल तीनशे पन्नास आले आणि नवरा जिन्यात दोनदा शीळ घालून गेला.

आज सकाळी तिने तीनदा फुंकलं. दोनशे सत्तर. पुन्हा फुंकलं. दोनशे सत्तर. शेजारच्या घरात रंगकाम चालू होतं, वास भिंतीतून येत होता. ती तक्त्यासमोर उभी राहिली. काल तीनशे पन्नास, त्याच्या शेजारी हा आकडा वाईट दिसला असता. दोऱ्याला बांधलेलं पेन हातात आलं. सासूबाई भाजीतून मान वर काढत नव्हत्या, आणि मान वर न काढण्याचा त्यांचा प्रयत्न सगळ्या घरात ऐकू येत होता.

तिने दोनशे सत्तर लिहिलं. खाडाखोड केली नाही. मग खुर्ची ओढून बसली आणि दवाखान्याचा नंबर लावला.